अ‍ॅशबोर्नचा गावफुटबॉल: तीन मैलांचं मैदान, दोन पाणचक्क्या आणि एक ओढा

सह्यवारा

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात अ‍ॅशबोर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथे दरवर्षी दोन दिवस अख्खं गाव फुटबॉल खेळतं. त्याचे व्हिडिओ सध्या फिरताहेत आणि खाली बहुतेकांनी 'हा काय दंगा' असं लिहिलंय. मला ते मुळीच पटत नाही. नीट बघितलं तर हा फार विचाराने बांधलेला खेळ आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावातून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले ते 'अपर्ड्स', दक्षिणेला जन्मलेले ते 'डाउनर्ड्स'. गोल दोन, एकमेकांपासून तीन मैलांवर, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. पूर्वेला स्टर्स्टन मिल, पश्चिमेला क्लिफ्टन मिल. खेळ दुपारी २ ला सुरू होतो आणि रात्री १० पर्यंत चालतो, दोन्ही दिवस. खेळाडू शेकडो, कधी त्याहून कितीतरी जास्त. जर्सी नाही, संघाची यादी नाही, मैदानाच्या रेषा नाहीत.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, एवढ्या गर्दीत चेंडू प्रत्यक्षात पुढे सरकतो कसा? दोन, तिथून जेमतेम तेरा मैलांवरच्या डर्बी शहरातला असाच खेळ १८४६-४७ मध्ये मोडून काढला गेला, मग अ‍ॅशबोर्नचा का टिकला?

लिमलेट

वाचनखूण साठवली. आधी एक शंका: गोल कुणाचा कुठे? अपर्ड्सनी समोरच्यांच्या चक्कीवर गोल करायचा की स्वतःच्या?

नदीकाठ

@लिमलेट, स्वतःच्या. इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्या फुटबॉलमध्ये आपण दुसऱ्याच्या घरात घुसतो, इथे चेंडू आपल्या घरी आणायचा असतो. अपर्ड्स चेंडू ओढ्याच्या वरच्या अंगाला स्टर्स्टनकडे नेतात, डाउनर्ड्स खालच्या अंगाला क्लिफ्टनकडे. त्यामुळे सगळी झटापट 'चेंडू कुठल्या दिशेला सरकतोय' एवढ्यावरच असते. बचाव आणि हल्ला असे वेगळे भाग पडत नाहीत. तुम्ही चेंडू आपल्याकडे रेटताय म्हणजे हल्ला आणि बचाव एकदमच करताय.

हुतूतू

म्हणजे रस्सीखेचच की. दोराच्या जागी चेंडू.

नदीकाठ

अगदी तसंच समजा. फक्त दोर वाटेल तिथून, गल्लीतून, शेतातून, पाण्यातून जाऊ शकतो.

आता सह्यवारांचा पहिला प्रश्न, चेंडू हलतो कसा.

चेंडू चामड्याचा, हाताने शिवलेला, नेहमीच्या फुटबॉलपेक्षा मोठा आणि बराच जड. आत हवा नसते, बुचाचा भुगा ठासून भरलेला असतो. त्यामागे दोन कारणं आहेत. खेळ ओढ्यात उतरतोच उतरतो, बुचामुळे चेंडू तरंगतो. आणि दोन-तीनशे माणसांच्या दाबाखाली हवेचा चेंडू फुटेल, बुचाचा फुटत नाही, फार तर टाका उसवतो. पण जड असल्यामुळे लाथ मारून तो फारसा लांब जात नाही. म्हणून नाव फुटबॉल असलं तरी पायाचा उपयोग कमी. चेंडू कवटाळून धरायचा, फेकायचा, हातोहात द्यायचा.

सुरुवात शॉ क्रॉफ्टवर होते. पूर्वी ते कुरण होतं, आज गाड्या लावायची जागा आहे. तिथे एक चौथरा आहे. मानाचा पाहुणा जेवणाच्या ठिकाणाहून लोकांच्या खांद्यावरून तिथे येतो, राष्ट्रगीत होतं आणि तो चेंडू गर्दीवर उधळतो. चेंडू खाली येतो तिथे माणसांचा गोळा तयार होतो. त्याला ते 'हग' म्हणतात, म्हणजे मिठी. खेळाचा बहुतेक वेळ या हगमध्ये जातो.

हगच्या गाभ्यात चेंडू पोटाशी धरलेले चार-सहा जण असतात. भोवती दोन्ही बाजूंचे रेटणारे, एकमेकांत मिसळलेले. चेंडू कुठे आहे ते बाहेरच्याला दिसत नाही, आतल्यालाही कधीकधी कळत नाही. फेब्रुवारीच्या थंडीत त्या गोळ्यातून वाफ निघताना दिसते, डेगचीवरचं झाकण काढल्यासारखी. दहा-दहा मिनिटं काही हलत नाही, मग एकाएकी अख्खा गोळा वीस फूट सरकतो आणि भिंतीवर आदळतो. आपल्या बाजूचा दाब एका लयीत आला की असं होतं. एकेकट्याने कितीही जोर लावला तरी उपयोग नसतो, म्हणून आतून कुणीतरी ओरडून ताल देत असतो.

दगडफूल

प्रतिसाद आवडला. मग रग्बीच्या स्क्रमसारखाच प्रकार?

खडीसाखर

नाही हो, स्क्रममध्ये आठ-आठ माणसं, पंच, ठरलेली मांडणी असते. इथे यातलं काहीच नाही. शिवाय हग फुटण्याची पद्धत वेगळी आहे.

हगच्या बाहेर, पन्नास-साठ पावलांवर, दोन्ही बाजूंचे पळणारे उभे असतात. सडपातळ, हलके बूट घातलेले. ते गोळ्यात घुसतच नाहीत. त्यांची नजर गोळ्याच्या कडेवर. आतून चेंडू वर उसळला किंवा पायांमधून बाहेर सरकला की जो पहिला उचलेल तो सुसाट सुटतो, आणि दहा-वीस सेकंदांत पुढच्याकडे फेकतो. अशी तीन-चार जणांची साखळी लागली तर चेंडू दोन-चार मिनिटांत अर्धा मैल जातो. म्हणजे तासभर पन्नास फूट आणि मग चार मिनिटांत अर्धा मैल, अशी या खेळाची चाल आहे. बघणाऱ्यांची फजिती इथेच होते. त्यांना वाटतं हग अडकलाय, ते चहा प्यायला जातात, परत येतात तर चौक रिकामा.

तिसरी जमात पाण्यातल्यांची. चेंडू हेनमोरमध्ये पडला की यांचं काम सुरू. ओढा रुंद नाही, पण फेब्रुवारीचं पाणी बर्फासारखं आणि तळाचे दगड शेवाळलेले. काही ठिकाणी गुडघाभर, मध्येच डोह लागला की छातीभर. पाण्यात रेटायला पायाला आधार मिळत नाही, म्हणून तिथे ताकदीपेक्षा तोल कामाला येतो.

चेंडूफळी

पाण्यात डाउनर्ड्सचा फायदा असणार मग. हेनमोर पश्चिमेला वाहतो, म्हणजे प्रवाह त्यांच्या गोलकडे.

खडीसाखर

@चेंडूफळी, बरोबर पकडलंत. सुटा तरंगता चेंडू आपसूक क्लिफ्टनच्या दिशेला जातो. पण त्याचा बाऊ करू नका. चेंडू पाण्यात सुटा फार वेळ राहतच नाही, कुणीतरी त्याच्यावर झेपावतंच. आणि काठावरचे लोक खाली हात घालून तो परत वर ओढतात. मोठा ओघ असेल, आदल्या आठवड्यात पाऊस झालेला असेल, तरच प्रवाह निर्णायक ठरतो.

उनाडपाऊस

नियम तरी आहेत का काही?

नदीकाठ

आहेत, आणि मोजकेच आहेत. जीव घ्यायचा नाही, हा पहिला. जुन्या काळापासून तो तसाच लिहिलेला आहे. विनाकारण मारहाण करायची नाही. चेंडू गाडीत घालून न्यायचा नाही. कोटाखाली, पिशवीत, पाठीवरच्या सॅकमध्ये लपवायचा नाही. चर्चचं आवार, दफनभूमी आणि स्मृतिउद्यान यांत पाऊल टाकायचं नाही. रात्री १० नंतर खेळ नाही. आणि गोल म्हणजे चेंडू ठरलेल्या दगडावर तीनदा टेकवणं.

हुतूतू

रात्री दहाला बंद, म्हणजे आपल्या लाउडस्पीकरचाच नियम तिकडेही पोहोचलाय. :)

लिमलेट

लपवायचं नाही हा नियम इतका स्पष्ट का? कुणी लपवत असेल म्हणूनच ना?

खडीसाखर

अर्थात. साडेपाचला काळोख पडतो. अंधारात शेतातून तीन-चार जण पळताना दिसले तर चेंडू कुणाकडे आहे हे ओळखता येत नाही. पोटाशी हात धरून रिकामेच पळणं, म्हणजे समोरच्यांना हूल देणं, हे चालतं. ती खेळाची युक्ती आहे. पण चेंडू सॅकमध्ये टाकून बघ्यांच्या गर्दीतून शांतपणे चालत गेलं तर खेळच उरत नाही. हूल आणि लपवाछपवी यांच्यामधली ही रेघ मला फार नेमकी वाटते.

पणजीवाला

थोडं अवांतर, पण धागा गोव्याला जोडतो. हा खेळ होतो तो मंगळवार म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या चाळीस दिवसांआधीचा शेवटचा दिवस, आणि दुसरा दिवस राखेचा बुधवार. ईस्टरच्या ४७ दिवस आधी हा मंगळवार येतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणजे हा मंगळवार ९ फेब्रुवारीला. आमचा कार्निव्हल शनिवारी सुरू होऊन याच मंगळवारी संपतो. पणजीत कार्निव्हलचा शेवटचा दिवस असतो त्याच दिवशी अ‍ॅशबोर्नला चेंडू उधळला जातो. मूळ कारण दोन्हीकडे एकच, उपास लागण्याआधी मनसोक्त खाऊन-खेळून घ्यायचं. इंग्लंडमध्ये घरातली अंडी, दूध, लोणी संपवण्यासाठी त्या दिवशी पॅनकेक करतात.

दगडफूल

म्हणजे आषाढात तळण करतो तसंच. चातुर्मास लागण्याआधी.

पणजीवाला

हो, आणि आषाढावरून आठवलं, माशेलचा चिखलकाला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात चिखलात लोळून गावकरी जुने खेळ खेळतात, त्यात चेंडूफळीही असते. तिथे हार-जीत नाही, पण अंगाला चिखल लागल्यावर सावकार कोण नि कूळ कोण ते ओळखू येत नाही, हे दोन्हीकडे सारखं आहे.

अंबोलीकर

तुलना करायचीच तर पांढुर्ण्याची गोटमार जवळची नाही का? जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि तो मिळवायला दोन्ही गावं भिडतात. नदी, दोन काठ, वर्षातून एकदा. सगळं तेच.

नदीकाठ

@अंबोलीकर, मांडणी सारखी आहे हे मान्य, पण मला ही तुलना खटकते. गोटमारीत दगड फेकतात, माणसं मेली आहेत, दरवर्षी डोकी फुटतात. अ‍ॅशबोर्नच्या खेळात हातात चेंडूशिवाय काही नसतं आणि समोरच्याला इजा करून काही साधत नाही. हगमध्ये कुणी खाली पडला की आजूबाजूचे दोन्ही बाजूंचे लोक ओरडतात, हात वर करतात, रेटणं थांबतं, पडलेल्याला उपसून बाहेर काढतात आणि मगच पुन्हा सुरू होतं. हे पंचाच्या शिट्टीवर होत नाही, रिवाजाने होतं.

अंबोलीकर

इजेबद्दल तुमचं बरोबर. मी फक्त काठांच्या वाटणीपुरतं म्हणत होतो. माणूस नदीच्या कुठल्या अंगाला जन्मला यावर आयुष्यभराची बाजू ठरावी, हे मला दोन्हीकडे सारखं वाटलं.

उनाडपाऊस

पण आता मुलं इस्पितळात जन्मतात. गावात कोण जन्मतंय?

चेंडूफळी

म्हणून व्यवहारात घराण्याची बाजू चालते. बाप-आजा अपर्ड असेल तर पोरगं अपर्ड. याच अडचणीचं उत्तम उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, कर्कवॉल गावात आहे. तिथला खेळ 'बा' नावाने ओळखला जातो, नाताळच्या दिवशी आणि नववर्षाच्या दिवशी. बाजू 'अपीज' आणि 'डूनीज', कॅथेड्रलच्या कुठल्या अंगाला जन्म यावर. बेटावरचं इस्पितळ एकाच बाजूच्या हद्दीत आल्यावर हा हिशोब बिघडला, मग घराण्यावर आला. बाहेरून येऊन स्थायिक झालेला माणूस गावात पहिल्यांदा कुठल्या रस्त्याने आला त्यावर त्याची बाजू धरतात. डूनीजचा गोल बंदरात, चेंडू समुद्राच्या पाण्यात पडला की झालं. अपीजचा गोल वरच्या अंगाला एका घराच्या कोपऱ्यावरची भिंत. तिथला चेंडूही चामड्याचा नि बुचाने भरलेला.

लिमलेट

असे अजून किती आहेत?

चेंडूफळी

ब्रिटनमध्ये मोजकेच उरलेत. वर्किंग्टनला ईस्टरच्या सुमारास तीन सामने होतात, एका बाजूचा गोल वाड्याच्या भिंतीकडे, दुसरीचा बंदराकडे. अ‍ॅदरस्टोनला अ‍ॅशबोर्नच्याच मंगळवारी दुपारी ३ ते ५, एकाच रस्त्यावर, गोलच नाही. वेळ संपताना चेंडू ज्याच्या हातात तो जिंकला. तिथली परंपरा ११९९ पासूनची सांगतात. अ‍ॅनिक आणि सेजफील्डलाही त्याच मंगळवारी. पण ओढा, तीन मैल आणि दोन पूर्ण दिवस हे फक्त अ‍ॅशबोर्नला.

खडीसाखर

गोल कसा होतो यावर अजून कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग तोच.

दोन्ही पाणचक्क्या कधीच पाडल्या गेल्या. त्या जागी १९९६ मध्ये ओढ्याच्या काठावर दगडी खांब बांधले आणि त्यांत चक्कीची पाळू, म्हणजे दळायचा दगड, बसवली. पाळूचं तोंड पाण्याकडे. काठावर उभं राहून गोल होत नाही, ओढ्यात उतरून, पाण्यात उभं राहून चेंडू पाळूवर तीनदा टेकवायचा. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. चेंडू पाण्याने भिजून आणखी जड झालेला, हात गारठलेले, आणि समोरच्या बाजूचे आधीच पाण्यात येऊन उभे असतात. एक टेकवला की लगेच हात धरायला येतात. म्हणून गोल करणाऱ्याभोवती आपल्या माणसांचं कडं लागतं, पाठीला पाठ लावून.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं की गोल कोण करणार हे बऱ्याचदा वाटेतच ठरतं. चेंडू आपल्या गोलच्या जवळ पोहोचला, आता निसटत नाही अशी खात्री झाली, की तिथेच आपापसात बोलून नाव ठरतं. साधारणपणे वर्षानुवर्षं रेटत आलेला, घराणं माहीत असलेला गडी. म्हणून कुणी पर्यटक धावत येऊन गोल करेल हे जवळजवळ अशक्य.

दगडफूल

हे वाचून अंगावर काटा आला. मग त्या गड्याला काय मिळतं?

खडीसाखर

चेंडू. बाकी काही नाही. त्याला खांद्यावर घेऊन गावात परत आणतात. चेंडू सुरू होतो तेव्हा त्यावर मानाच्या पाहुण्याच्या आयुष्यातल्या गोष्टी रंगवलेल्या असतात: त्याचा धंदा, घर, आवडीनिवडी. खेळात हा रंग जवळजवळ सगळा घासून निघतो. मग चेंडू रंगाऱ्याकडे परत जातो, आणि या वेळी गोल करणाऱ्याच्या नावाने, त्याच्या खुणांनी रंगवला जातो आणि कायमचा त्याच्या घरी जातो. गोल झालाच नाही तर पाहुण्याच्याच खुणांनी पुन्हा रंगवून पाहुण्याला परत.

संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी गोल झाला तर गावात दुसरा चेंडू उधळतात. त्या वेळेनंतर झाला तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला. आणि दोन्ही दिवस रात्री दहापर्यंत रेटूनही एकही गोल नाही, अशीही वर्षं असतात.

हुतूतू

बायका खेळतात का?

चेंडूफळी

मनाई कधीच नव्हती. १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, दोन बायकांनी गोल केले, एकीने अपर्ड्ससाठी, एकीने डाउनर्ड्ससाठी. हगच्या गाभ्यात पुरुषच जास्त असतात, पण कडेच्या रेट्यात आणि पळण्यात बायका दिसतात.

उनाडपाऊस

दुकानांचं काय होतं? दोनशे माणसांचा गोळा काचेवर आदळला तर...

नदीकाठ

गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांना आदल्या दिवशीच लाकडी फळ्या लागतात. फळ्या काचेच्या अलीकडे थोडं अंतर सोडून ठोकायच्या असतात. काचेला चिकटून ठोकल्या तर फळी दाबाने वाकते आणि काच तडकते. गाड्या रस्त्यावरून काढायच्या, कारण हग वाटेत आला तर गाडी वाचवत नाही. कुंपणं, बागेच्या भिंती मोडतात आणि नंतर दुरुस्त होतात.

खेळायला उतरणाऱ्याने काय करावं तेही लिहितो. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवायची. अंगठी कुणाच्या कपड्यात अडकली तर बोट जातं. टोपीवाला सदरा नको, मागून ओढला की गळा आवळतो. बुटाच्या नाड्यांवर चिकटपट्टी गुंडाळायची, हगमध्ये बूट निघाला तर वाकून घेता येत नाही. हात छातीपुढे घडी करून ठेवायचे, फासळ्यांना श्वासापुरती जागा मिळते. हात खाली राहिले की वर काढता येत नाहीत, पहिल्यांदा उतरणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत उभं राहायचं नाही. खेळात फारसं न होणारं नुकसान नंतरच्या गारठ्याने होतं.

सह्यवारा

सगळ्यांचे आभार, पहिल्या प्रश्नाचं उत्तर भरभरून मिळालं. दुसरा राहिला. डर्बीचा का मेला आणि अ‍ॅशबोर्नचा का जगला?

डर्बीकर

डर्बीचा खेळ ऑल सेंट्स आणि सेंट पीटर्स या दोन वस्त्यांमध्ये व्हायचा. पण १८४० च्या दशकात डर्बी बदललं होतं. रेशीमगिरण्या, त्यात १८४४ मध्ये मिडलंड रेल्वेचं मुख्यालय. गिरणीमालकाला सोमवार ते शनिवार कामगार हजर हवा. दोन दिवस अख्खं शहर रस्त्यावर उतरलं की धंदा बंद. दुकानदार, मालक आणि नगरपालिका एका बाजूला आले आणि १८४६ मध्ये घोडदळ बोलावून खेळ अडवला. बदल्यात शर्यतींसारख्या करमणुकीची लालूच दाखवली.

कायदाही हाताशी होता. १८३५ च्या हायवे कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला ४० शिलिंगपर्यंत दंड ठेवला होता.

लिमलेट

'डर्बी मॅच' हा शब्द याच खेळावरून आला ना?

डर्बीकर

तसं सांगतात खरं, पण माझा कल घोड्यांच्या शर्यतीकडे. डर्बीच्या अर्लच्या नावाची एप्समची शर्यत १७८० पासून आहे, आणि मोठ्या चुरशीच्या सामन्याला डर्बी म्हणणं तिथून पसरलं हे जास्त सरळ वाटतं.

चेंडूफळी

आता अ‍ॅशबोर्न. कायदा तिथेही लागू होताच. खेळ तेव्हा बाजारचौकात सुरू व्हायचा आणि १८६० मध्ये रस्ता अडवल्याबद्दल खेळाडूंवर खटले झाले. त्यानंतर सुरुवात बाजारातून शॉ क्रॉफ्टच्या कुरणावर हलली. माझ्या मते हीच ती कलाटणी. तक्रार 'रस्ता अडवला' अशी होती. सुरुवातच रस्त्यावरून उचलली की तक्रारीचा दात पडला. खेळ मात्र तोच राहिला, ओढा तोच, चक्क्या त्याच. पुढेही दंड होत राहिले, आणि १८९१ मध्ये ते भरायला पैसे हवेत म्हणून गावाने गाण्यांचा कार्यक्रम केला. दंड भरू पण खेळू, हा गावाचा पवित्रा होता.

डर्बीकर

हे पटतं, पण अर्धंच. कुरण डर्बीतही शोधता आलं असतं. अ‍ॅशबोर्न बाजारगाव राहिलं, गिरणीशहर झालं नाही. तिथे दुकानदार, शेतकरी, खाटीक, वकील सगळे त्याच घराण्यांतले, आणि सगळ्यांची बाजू ठरलेली. डर्बीत मालक खेळाच्या बाहेर होता, अ‍ॅशबोर्नमध्ये तो स्वतःच अपर्ड किंवा डाउनर्ड. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्याचा भाऊ हगमध्ये असेल तर घोडदळ कोण बोलावणार?

नदीकाठ

ओढ्याचंही श्रेय द्या. डर्बीच्या दाट वस्तीत खेळ दिवसभर शहरातच घुटमळायचा. अ‍ॅशबोर्नला चेंडू एकदा निघाला की तासा-दोन तासांत गावाबाहेर, शेतात किंवा पाण्यात. गावाला त्रास होतो तो थोडाच वेळ.

खडीसाखर

आणि १९२८ विसरू नका. प्रिन्स ऑफ वेल्स, नंतरचे आठवे एडवर्ड, चेंडू उधळायला आले आणि खेळाच्या नावाला 'रॉयल' जोडलं गेलं. २००३ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स आले. युवराजांनी ज्याला हात लावला तो खेळ बंद करायचं धाडस कुठला अधिकारी करेल? त्याआधीची सत्तर वर्षं मात्र गावाने एकट्याने काढली, त्यामुळे डर्बीकरांचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

सह्यवारा

मग कधीच खंड पडला नाही?

चेंडूफळी

दोन्ही महायुद्धांत खेळला गेला. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत १९६८ आणि २००१ मध्ये बंद राहिला, कारण शेकडो माणसं एका शेतातून दुसऱ्यात गेली तर साथ पसरते. २०२१ मध्ये कोविडमुळे. म्हणजे पोलिसांना जे जमलं नाही ते रोगाने केलं, आणि गुरांच्या साथीत तर गावाने स्वतःहून, शेजारच्या शेतकऱ्याची गुरं वाचावीत म्हणून थांबवलं. हे मला डर्बीकरांच्या मुद्द्याला धरूनच वाटतं.

उनाडपाऊस

पुढच्या फेब्रुवारीत लेस्टरहून एक गट जायचं म्हणतोय. बघायला कुठे उभं राहावं?

खडीसाखर

पावणेदोनपर्यंत शॉ क्रॉफ्टच्या कडेला, भिंतीपासून लांब आणि मागे निसटायला वाट असेल अशा जागी. चेंडू उधळल्यावर गोळ्याच्या मागे जाऊ नका. पळणारे कुठे उभे आहेत ते बघा आणि त्यांच्याही मागे राहा. अरुंद गल्लीत उभं राहायचं नाही, हग तिकडे वळला तर मागे जागा नसते. गमबूट आणि सुके मोजे न्या. काळोख पडल्यावर स्टर्स्टन किंवा क्लिफ्टनपैकी एकच निवडा, दोन्ही पायी जमत नाहीत. संध्याकाळी चेंडू कुठल्या बाजूला झुकलाय ते गावात कुणालाही विचारा, पण एका अपर्डला आणि एका डाउनर्डला, दोघांनाही विचारा.